पायावरचे ठिपके

कागदाने बोट कापणं ही बाइंडरच्या लेखी गोष्टच नव्हे. वीस-बावीस वर्षं छापील तावांचे फर्मे दुमडणाऱ्या, शिवणाऱ्या, पुठ्ठे चिकटवणाऱ्या बाईला आठवड्यातून दोनदा तरी कागद चावतोच. बोट तोंडात घालायचं, ॲप्रनला पुसायचं आणि पुढचा फर्मा उचलायचा. त्या मंगळवारी मात्र डिंकीचं बोट थांबेना.

डिंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या हातांना कायम डिंकाचा वास यायचा, म्हणून नणंदेने ते नाव ठेवलं आणि चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी ते तिला चिकटून राहिलं. कारखान्यातही सगळे तिला डिंकीच म्हणत.

वाचनालयाची जुनी पुस्तकं नव्याने बांधायला आली होती. अंगठ्याजवळ केसाएवढी चीर पडली होती, बास. तिने चिंधी गुंडाळली. चिंधी लाल झाली. दुसरी गुंडाळली, तीही झाली. कोऱ्या अस्तराच्या कागदावर दोन थेंब पडले तसा कापायच्या मशीनवरचा म्हातारा, ज्याला सगळे कटरकाका म्हणत, चष्म्यावरून बघायला लागला.

"अगं, कागदानं कापलं की माझ्या मशीननं?"

"कागदानंच."

"मग नळ उघडा ठेवल्यासारखं काय वाहतंय?"

ती हसली, पण पाय टेबलाखाली ओढून घेतले. कारण सकाळी अंघोळ करताना तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. दोन्ही नडग्यांवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. कुणी लाल शाईचा ब्रश झटकावा तसे पसरले होते. तीन दिवस दात घासताना ब्रशही गुलाबी होत होता.

बोट पाऊण तासाने थांबलं. तिने डाग पडलेला कागद चुरगाळून टाकला, नवा कापून घेतला आणि कुणाला काही बोलली नाही.

न बोलण्यामागे कारण होतं. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या अंगात दुसऱ्याची किडनी बसवली होती. ब्लडप्रेशरने तिच्या स्वतःच्या दोन्ही वाळून गेल्या होत्या आणि दोन वर्षं आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसच्या मशीनला बांधलेली असायची. सख्ख्या भावाने सगळ्या तपासण्या केल्या, जुळतंय म्हटल्यावर मात्र तोंड फिरवलं. नवऱ्याचं रक्त जुळत नव्हतं. तेव्हा नवऱ्याची थोरली बहीण, डिंकी हे नाव ठेवणारी तीच नणंद, जिला दोघंही ताई म्हणत, एके दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "माझ्याकडे दोन आहेत. एक देते. त्यात काय एवढं?"

ताई छपन्न वर्षांची. शाळेत खेळ शिकवायची. लग्न केलं नव्हतं, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या पोरीला दटावायची सवय, त्यामुळे ती कानात कुजबुजली तरी शेजारच्यांना ऐकू जायचं. ऑपरेशन झाल्यापासून दर भेटीत तिचा एकच प्रश्न. "काय, माझी लेक सासरी नीट नांदतेय ना? पाणी पाजतेस ना तिला? मीठ कमी घाल, सोसत नाही तिला."

सगळे हसत. डिंकीही हसे. पण रोज रात्री गोळ्या गिळताना तिच्या मनात यायचं, ही दुसऱ्याची ठेव आहे, हिला काही झालं तर मी कुठल्या तोंडानं ताईंसमोर उभी राहू?

आणि चूक तर झालीच होती. तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यातल्या एका बाईच्या मुलीच्या लग्नाला ती गेली होती. ताईने बजावलं होतं, गर्दीत जायचं नाही, गेलीस तर तोंडाला मास्क. ती गेली, आणि जेवायच्या वेळी काढलेला मास्क पुन्हा लावायचा राहिलाच. पाच-सहा दिवसांनी ताप भरला. अंग ठणकत होतं, भूक मेली होती. ताप आला की त्याच दिवशी किडनीच्या दवाखान्यात फोन करायचा, हे फाइलच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरांत लिहिलेलं होतं. तिने फोन केला नाही. नवऱ्यालाही सांगितलं, "थकवा आहे." चौथ्या दिवशी ताप उतरला. सुटले, असं तिला वाटलं.

आता ठिपक्यांचं सांगायचं म्हणजे तापाचं सांगणं आलं, तापाचं सांगायचं म्हणजे लग्नाचं. तिने पायात जाड मोजे चढवले. दोन दिवस तशीच कामावर गेली. नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा. सकाळी सातला बाहेर पडायचा तो सूर्य मावळताना यायचा. स्वभावाने अबोल. मोजे कशाला, एवढं मात्र त्याने विचारलं.

"गार लागतं," ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती आरीने शिवणीची भोकं पाडत होती आणि नाकातून काहीतरी ओघळलं. सर्दी समजून तिने मनगटाने पुसलं. मनगट लाल झालं. नाक दाबलं तर घशात खारट चव उतरायला लागली. कटरकाकांनी मशीन बंद केली, तिच्या हातातली आरी काढून घेतली आणि तिच्याकडे नीट बघितलं. खाली बसताना तिचा एक मोजा घसरला होता.

"हे काय गं पायावर?"

"काही नाही काका."

"काही नाही कसं? चल. ऊठ. आत्ताच्या आत्ता."

मालकाला सांगायलाही ते थांबले नाहीत. गाडी बोलावून तिला थेट हॉस्पिटलात घेऊन गेले, वाटेत आपला स्वच्छ रुमाल तिच्या नाकाखाली धरून. तो भिजला तशी त्यांनी त्याची घडी उलटवली.

नाकात कापसाची वात घालून रक्त थांबवलं, दंडातून रक्त काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला तासभर लागतो, तो वीस मिनिटांत आला आणि घेऊन आल्या त्या खुद्द किडनीच्या डॉक्टरबाई. या बाई एरवी पेशंटची चेष्टा करत आत यायच्या. आज त्यांनी आधी खुर्ची ओढली.

"प्लेटलेट किती आल्यात माहितीय? सहा हजार."

"किती असायला हव्यात?"

"निदान दीड लाख."

डिंकीला आधी वाटलं एक शून्य राहून गेलं असेल. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं की नाही राहिलं.

"रक्त गोठवायला ज्या पेशी लागतात त्या जवळजवळ संपल्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून ठिपके, म्हणून नाक. आता नीट ऐका. पलंगावरून एकटीनं उतरायचं नाही. दात घासायचे नाहीत, चूळ भरायची. जोरात शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही. आणि डोकं दुखलं, अगदी थोडंसं जरी दुखलं, तरी त्याच क्षणी सांगायचं. लाजायचं नाही, वाट बघायची नाही."

"डोकं का?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "कारण तिथे रक्त आलं तर आपल्या हातात वेळ फार थोडा असतो."

हे ऐकल्यापासून डिंकीला आपलं डोकं काचेचं झाल्यासारखं वाटायला लागलं. मान वळवायची तरी ती सावकाश वळवायची.

नवरा मीटरवाचनाची पिशवी खांद्याला तशीच अडकवून धावत आला. पाठोपाठ ताई आली. ती यायच्या आधी तिचा आवाज जिन्यातून वर आला. आत येऊन तिने खाटेवर पडलेल्या डिंकीकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "क्रिएटिनिन किती?"

किडनी कशी चालली आहे ते त्या आकड्यावरून कळतं. एवढं त्या घरात सगळ्यांनाच तोंडपाठ झालं होतं.

"महिन्यापूर्वी एक पॉइंट दोन होतं. आज दीड."

"वाढलं?"

"थोडं. मला आधी सांगा," डॉक्टरबाई डिंकीकडे वळल्या, "गेल्या महिनाभरात ताप वगैरे आला होता?"

नवरा म्हणाला, "नाही." त्याच वेळी डिंकी म्हणाली, "हो."

मग एकेक करून सगळं बाहेर पडलं. ताप, लग्न, मास्क, न केलेला फोन, मोजे. सांगताना ती छताकडे बघत होती. नवऱ्याने पिशवी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली.

"मला का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली.

"तुम्ही रागावला असतात."

"रागावले असतेच! का नाही रागावणार? ती माझी किडनी आहे डिंके, तुझ्या बापाची नाही!"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स पडद्याआडून डोकावली. ताईने तोंडावर हात ठेवला, पण बोललेलं काही परत घेता येत नव्हतं. डिंकीने मान भिंतीकडे वळवली. सावकाश.

दुसऱ्या दिवशी तपासण्यांची रांग लागली. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. ते दुखलं, पण दुखण्यापेक्षा नंतर अर्धा तास तिथे वाळूची पिशवी दाबून पडून राहताना तिची पाचावर धारण बसली होती. भोक बुजेल की नाही? रक्त आत कुठे साचत तर नसेल? नर्स दर पाच मिनिटांनी पट्टी उचलून बघायची आणि ती बघताना डिंकी तिचा चेहरा वाचायची.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. नवरा आणि ताई दोघंही तिथेच होते. ताई पायथ्याशी उभी, हाताची घडी घालून.

"कारखाना चालू आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाडांत प्लेटलेट तयार होतायत. पण बाहेर पडलेला माल रस्त्यातच लुटला जातोय. लुटणारं दुसरं कुणी नाही, तुमच्याच शरीराचे पहारेकरी आहेत. व्हायरसशी लढताना ते बिथरलेत, मित्र आणि शत्रू त्यांना ओळखू येईना. व्हायरसही सापडलाय."

"लग्नातून आला ना?" डिंकीने विचारलं.

"नाही. लग्नात गेला नसतात तरी हे होऊ शकलं असतं. हा व्हायरस आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि जन्मभर गुपचूप पडून राहतो. काही त्रास देत नाही. ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघींचं रक्त तपासलं होतं. तुमच्या अंगात तो नव्हता." त्यांनी ताईकडे पाहिलं. "ताईंच्या अंगात होता. किडनीबरोबर तो इकडे आला असणार. आम्हाला हे माहीत होतं, म्हणूनच पहिले सहा महिने त्याच्यावरची गोळी दिली होती. कधी कधी गोळी थांबल्यावर, बऱ्याच महिन्यांनीसुद्धा तो डोकं वर काढतो. यात कुणाचीच चूक नाही. फोन मात्र करायला हवा होता. दोन आठवडे आधी आपल्याला कळलं असतं."

शेवटची दोन-तीन वाक्यं ताईने ऐकली नसावीत. तिच्या घडी घातलेल्या हातांची बोटं दंडांत रुतली होती. ती वळली आणि चपलांचा आवाजही न करता खोलीतून निघून गेली. ताईला असं गेलेलं डिंकीने कधी पाहिलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद.

ते दोन दिवस डिंकीच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस होते. शिरेतून औषधाच्या बाटल्या सहा-सहा तास थेंब थेंब उतरत होत्या. एक बिथरलेल्या पहारेकऱ्यांना शांत करण्यासाठी, एक व्हायरस मारण्यासाठी. तरी आकडा सहावरून चारवर आला. गालाच्या आतून काळसर फोड उठले, जिभेला गुळगुळीत लागायचे. नर्सने रक्तदाबाचा पट्टा बांधला तर दंडावर पट्ट्याच्या मापाची निळी खूण उमटली. डिंकी ती बघत बसली.

त्यात क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ झालं.

व्हायरसशी लढायला अंगात बळ राहावं म्हणून किडनी सांभाळणारी, पण शरीराची लढायची ताकद दाबून ठेवणारी एक गोळी बंद करावी लागली होती. आता शरीर किडनीवर उलटतंय की नुसता औषधांचा ताण आहे, हे कळायला किडनीचा बारीक तुकडा काढून बघायला हवा होता. "पण चार हजारांवर सुई घालायची माझी हिंमत नाही," डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. "थांबायचं. आकडा वर यायची वाट बघायची."

"आणि तोपर्यंत किडनी गेली तर?"

"तर आधी तुम्ही असायला हव्यात, किडनीचं नंतर."

डिंकीला हे पटत नव्हतं. तिच्या मनात दोन्ही गोष्टी एकच होत्या. पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे ताईची किडनी कातडीखाली हाताला लागायची, तिथे ती तळहात ठेवून पडायची. दाबायची भीती वाटायची म्हणून हात नुसता टेकवायची.

नवरा खुर्चीत बसून असायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरातले आकडे वाचलेला माणूस, इथे त्याला फळ्यावरचा एक आकडा वाचवेना. नर्स रोज सकाळी खाटेच्या डोक्याशी असलेल्या छोट्या फळ्यावर खडूने प्लेटलेट लिहायची, तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा आणि मग हळूच विचारायचा, "किती?"

तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही. "काल ताईकडे गेलो होतो," तो म्हणाला. "दार उघडलं, पण बोलली नाही. आदल्या रात्रीपासून तोंडात काही घातलेलं दिसत नव्हतं. निघताना म्हणाली, मी तिला किडनी दिली म्हणून मिरवत होते आणि आतून विष दिलं."

डिंकीने पोटावर टेकवलेल्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस ती ताईच्या रागाला घाबरत होती. ताईसुद्धा घाबरू शकते हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"त्यांना बोलवा."

"ऐकणार नाही ती."

"सांगा, डिंकी म्हणते, लेक आईसाठी रडतेय. माझ्यानं आवरत नाही म्हणावं."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेनंतर आली. केस विंचरलेले नव्हते. खुर्ची खाटेला लावून बसली आणि सुरुवातीलाच म्हणाली, "मला बोलू दे मध्ये न बोलता." मग मात्र ती चादरीची सुरकुती सरळ करत बसली. शेवटी म्हणाली, "तुझ्या बापाचं काढायला नको होतं मी."

"माझे बाबा असते तर म्हणाले असते, ताई खरं बोलतेय, किडनी काही माझी नाही."

"थट्टा नको गं."

"मी लपवलं ताई. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत. मी मुद्दाम लपवलं."

"मला घाबरून लपवलंस. म्हणजे तेही माझ्याकडेच आलं." ताईने तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. "दुखत नाही ना? डाग उठेल का?"

"उठू दे."

ताईने हात परत धरला, पक्षी धरावा तसा, सैल. दोघी तशाच बसल्या. बाटलीतलं औषध ठिबकत होतं. नवरा खाली रक्तपेढीच्या कागदांवर सह्या करायला गेला होता.

आणि तेव्हाच डिंकीच्या डोक्यात, कपाळाच्या आतल्या बाजूला, काहीतरी ठणकलं.

आधी तिला वाटलं उन्हाची तिरीप डोळ्यावर येतेय. तिने डोळे मिटले. ठणका आतच होता. वाढत होता. डोळ्यांमागे, मग मानेपर्यंत. जुनी सवय पुढे आली. जाईल. दोन मिनिटं थांबू. आत्ताच तर ताई आलीय, आत्ताच तर नीट बोललो, लगेच कशाला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. एक, दोन, तीन असे श्वास मोजले. तिसऱ्या श्वासाला मळमळलं.

"ताई," ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

ताई उठली ती खुर्ची पाडूनच. पुढच्या क्षणी मैदानावरचा तो आवाज हॉस्पिटलच्या अख्ख्या मजल्यावर घुमला. "सिस्टर! डोकं! हिचं डोकं दुखतंय! धावा!"

नंतरचं डिंकीला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. डोळ्यांत मारलेला टॉर्च. हात वर करा, माझी बोटं दाबा, नाव सांगा, आज वार कुठला. वार तिला आठवेना. मग आठवला, सोमवार, तो तिने तीनदा सांगितला. खाटेची चाकं सुटली, वरचे दिवे एकामागून एक मागे जायला लागले. बाजूने ताई धावत होती, एका हाताने खाटेचा कठडा धरून. लिफ्टच्या दारात कुणीतरी तिला अडवलं.

स्कॅनच्या खोलीत थंडी होती. डोक्याभोवती पट्टा आवळला आणि ती मोठी गोल कमान गुणगुणत फिरायला लागली. हलायचं नाही, असं सांगितलं होतं. सांगायची गरज नव्हती. डिंकीला वाटत होतं, पापणी जरी हलवली तरी आत कुठेतरी पातळ कागद टरकेल. ती मनातल्या मनात फर्मे लावायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा, शिवण, गाठ. सातव्याला चुकली. परत पहिल्यापासून. मरायची भीती तिला डायलिसिसच्या दिवसांतही वाटली होती, पण ती दुरून येणाऱ्या माणसासारखी होती, दिसायची, तयारीला वेळ द्यायची. ही दारात उभी होती. बाबा, आई, कुणाचंच नाव तिच्या तोंडी येईना. फक्त एवढंच येत होतं की मला उद्याचा फळा बघायचाय.

ताई जिन्याने धावत स्कॅनच्या खोलीबाहेर पोचली होती. रक्तपेढीतून आलेल्या प्लेटलेटच्या पिशव्या घेऊन नवरा धावत आला तेव्हा ती भिंतीला टेकून फरशीवर बसलेली होती. तो तिच्या शेजारी बसला. अनेक वर्षांत ती दोघं भावंडं अशी जमिनीवर शेजारी बसली नव्हती.

"माझ्यासमोर झालं रे," ती म्हणत राहिली. "मी येऊन बसले आणि झालं."

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा दोघं अजून फरशीवरच होती. त्याच खाली वाकल्या.

"मेंदूत रक्त नाही. स्वच्छ आहे. पिशव्या तरीही चढवतोय, सावधगिरी म्हणून. शिरेतून जे औषध देतोय त्यानं असं डोकं दुखतं पुष्कळांचं, मळमळतंही. आता ते आणखी सावकाश सोडू. पण ती लगेच बोलली ते उत्तम झालं. प्रत्येक वेळी असंच बोलायचं."

नवऱ्याने मान हलवली. ताईने पदर तोंडाशी धरला आणि पहिल्यांदाच कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती रडली.

औषधाने मनावर घेतलं ते त्यानंतर. फळ्यावर नऊ हजार आले. दुसऱ्या दिवशी अकरा, एवढाच फरक. मग तेवीस. त्या दिवशी नवऱ्याने फळ्याकडे बघायचं धाडस केलं. नवव्या दिवशी अठ्ठावन्न झाले. तोंडातले फोड सुकले, नडग्यांवरचे ठिपके लालचे तपकिरी आणि तपकिरीचे पिवळे झाले. क्रिएटिनिन मध्येच दोन पॉइंट एकपर्यंत चढलं आणि तिथे दोन दिवस अडून बसलं. त्या दोन दिवसांत ताईने एकदाही लेकीची चौकशी केली नाही. डिंकीच्या पायाशी बसून शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायची, आणि नर्स रिपोर्ट घेऊन आली की वाक्य अर्ध्यावर सोडायची. मग एक पॉइंट आठ झालं. मग एक पॉइंट सहा. आता सुई घालता आली असती, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, उतरतंय तर टोचायचं कशाला.

पहिल्यासारखं एक पॉइंट दोन ते पुन्हा कधीच झालं नाही. दीडवर थांबलं. काहीतरी गमावलंच. किती आणि किती वर्षांचं, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

सतराव्या दिवशी तिला घरी सोडलं. दर तीन दिवसांनी रक्त, व्हायरसची गोळी आणखी कित्येक आठवडे, आरी-कात्री-ब्लेडला हात लावायचा नाही. डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं की आकडा पुन्हा घसरू शकतो. तो घसरलाच. दीड महिन्यानंतर एका सकाळी अडतीस हजार आले. पण या वेळी रिपोर्ट हातात पडल्यावर पाच मिनिटांच्या आत डिंकीने तीन फोन केले होते. दवाखान्यात, नवऱ्याला आणि ताईला. दोन दिवस औषध चढवल्यावर आकडा लाखाच्या पुढे गेला आणि त्यानंतर तिथेच टिकला.

भीती मात्र गेली नाही. डॉक्टरबाईंना तिने तसं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गेली नाही तर बरंच. फक्त तिला घर चालवायला देऊ नका." डिंकीला ते जमायचं काही दिवस, काही दिवस नाही.

दुसऱ्यांदा घरी आली त्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी झोपली. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर सरकलं होतं आणि घर एकदम शांत होतं. तिने आधी डोकं आहे तसं आहे ना ते चाचपलं, मग जीभ गालाच्या आतून फिरवली. काही नव्हतं. मग स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले.

"अरे, तिला उकळलेलं पाणी सांगितलंय, कोमट नव्हे. तू मीटर वाचतोस, पाणी तुला काय कळणार?"

"ताई, उकळून गार केलंय. हात लाव, बघ."

"हात लावू? धुतलेल्या भांड्यात हात घालू? शाबास!"

"मग विचारतेस कशाला मला?"

"हळू बोल. ती झोपलीय."

हे शेवटचं वाक्य ताईने इतक्या मोठ्यांदा म्हटलं की खिडकीच्या तावदानाला ऐकू गेलं असेल. डिंकीने हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. पांघरूण छातीपर्यंत ओढून ती त्यांचं भांडण ऐकत पडून राहिली.